वंगण गळते कुठून?

मये म्हटले की आपल्याकडच्या माणसांना तळे आठवते. शाळेच्या सहली, बोटीतले फोटो, सोबत नेलेली चपाती-भाजी. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, केरी, साखळी, डिचोली असा रस्ता बेळगावकरांच्या पायाखालचा आहे. पण तळ्याचा फाटा सोडून मयेच्या आतल्या वाड्यांतून चालत गेले, तर माडाच्या सावलीत उभे असलेले टिप्पर दिसतात. काही रंग देऊन पुन्हा कामाला लागलेले, काहींच्या हौद्यात रान माजलेले. गेल्या महिन्यात तिथे नातेवाइकांकडे दोन दिवस होतो. त्यातला एक दिवस मी अशाच एका ट्रकच्या मागच्या चाकाशी घालवला. मराठीच्या मास्तराने चाकाशी बसून काय करायचे, असे घरच्यांनी विचारलेच. पण सीमाभागातल्या किती घरांत ट्रक हा घरातल्या माणसासारखाच असतो, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. त्याच्या दुखण्याविषयी कुटुंबाच्या पानावर लिहायला माझी तरी हरकत नाही.

दुखणे साधे वाटणारे होते. मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूने ग्रीस गळत होते. ते ड्रममध्ये उतरून ब्रेकच्या लायनरवर बसत होते. सील बदलले की पंधरा-वीस दिवस बरे, पुन्हा तेच. घरच्या वहिनी हिशेबाची वही ठेवतात. एका पावसाळ्यात तीन सीले आणि दोन वेळा लायनर, अशी नोंद त्यांनी मला काढून दाखवली. "भावोजी, दर वेळी सील वाईट कसे निघेल?" हा त्यांचा प्रश्न. गॅरेजातल्या मिस्त्रीने हब काढला, चिंधीने एक्सलचे टोक पुसले, त्यावरून अंगठ्याचे नख फिरवले आणि कोकणीत म्हणाला, "सील बरें आसा, सर. तें बसता ती सुवात झरल्या."

सील बसते ती जागा झिजली आहे. सगळा विषय या एका वाक्यात आला. तरी तो उलगडून सांगण्यासारखा आहे, कारण आपल्याकडेही बहुतेक ठिकाणी सीलच बदलले जाते आणि बिल सीलाचेच होते.

आपल्या आजोबांच्या बैलगाडीला सील नव्हते. आस होती, तिच्यावर फिरणारा चाकाचा तुंबा होता आणि मध्ये तेल-काजळीचे वंगण. कन्नडमध्ये त्याला कीलेण्णे म्हणतात. कीलु म्हणजे खीळ, एण्णे म्हणजे तेल. वंगण गळायचे, तुंब्याभोवती काळी कड धरायची, जाता-येता कुणाचे तरी धोतर रंगायचे. त्यापलीकडे नुकसान नव्हते, कारण शेजारी बिघडण्यासारखे काही नव्हते. ट्रकच्या चाकात मात्र वंगणाच्या अगदी शेजारी ब्रेक आहे. एकाला निसरडेपणा हवा, दुसऱ्याला तो अजिबात चालत नाही, आणि दोघांमध्ये भिंत म्हणून काय, तर बोटभर रुंदीची रबरी कड. ग्रीस लायनरवर आले की ते चाक ब्रेक धरत नाही. बाकीची चाके धरतात, गाडी एका बाजूला ओढते. मोकळ्या रस्त्यावर ड्रायव्हर स्टिअरिंग सावरून घेतो. चोर्ल्याच्या उतारावर भरलेल्या गाडीत ते प्रत्येक वेळी जमेलच असे नाही. दुसरीकडे ग्रीस गेल्यामुळे बेअरिंग कोरडे पडते, तापते, आणि वेळेत कुणाच्या लक्षात आले नाही तर चाक जाम होते किंवा हबसकट निघून जाते.

आता ती जागा झिजते कशी? पोलाद झिजवणारे रबर असते का, असा प्रश्न मलाही पडला होता. रबर झिजवत नाही, रबरात रुतलेली धूळ झिजवते. सीलाची कड आत ग्रीस धरून ठेवते आणि बाहेर धूळ अडवते. अडवलेल्या धुळीचे बारीक कण कडेतच रुतून बसतात आणि ती मऊ कड पॉलिश पेपरासारखी होते. मयेची धूळ साधी माती नाही. तांबड्या लोहखनिजाची कठीणता मोहच्या मापावर साडेपाच ते साडेसहा येते आणि त्यातल्या गारेची सात. पाणी न दिलेले साधे पोलाद त्यापुढे मऊच. चाक फिरत राहते, कड एकाच जागी घासत राहते आणि स्पिंडलवर बांगडीसारखी खाच पडते. त्या खाचेत नवे सील बसवले तरी त्याची कड घट्ट टेकत नाही.

खाणीच्या गाड्यांची वाट लांबची नसे. खाणीपासून सारमानससारख्या नदीकाठच्या धक्क्यापर्यंत खनिज ट्रकने जायचे, पुढे मांडवीतून बार्जने मुरगावला. खेप छोटी, पण भार पूर्ण, थांबणे-निघणे सततचे, आणि पावसाळ्याआधीचे सगळे महिने लाल धुळीत. २०१०-११ च्या सुमाराला गोव्यातून वर्षाला पाच कोटी टनांच्या आसपास खनिज बाहेर जात होते. चीनच्या मागणीचे दिवस होते ते. कर्ज काढून ट्रक घेणाऱ्यांत मयेची घरे होती, तशी घाटावरून ड्रायव्हर, क्लिनर, मिस्त्री म्हणून खाली गेलेली आपली माणसेही होती. मग सप्टेंबर २०१२ मध्ये शहा आयोगाचा अहवाल संसदेत आला, गोवा सरकारने खाणी स्थगित केल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. (बळ्ळारीतल्या खाणी त्याआधीच, जुलै २०११ मध्ये, न्यायालयाने थांबवल्या होत्या. त्यामुळे एकाच घरातले दोन भाऊ, एक होसपेटला आणि एक डिचोलीला, वर्षभराच्या अंतराने रिकामे झालेले मला ठाऊक आहेत.) एप्रिल २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेत परवानगी मिळाली. फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चच्या मध्यावर पुन्हा सगळे थांबले. डिसेंबर २०२२ मध्ये पहिल्या चार गटांचा लिलाव झाला. त्यात डिचोलीचा गट आहे आणि शिरगाव-मयेचाही. २०२४ मध्ये डिचोलीच्या गटात काम पुन्हा सुरू झाले.

खाण असावी की नसावी, यावर मयेतच दोन मते आहेत. शेतात उतरलेली माती आणि आटलेल्या विहिरी ज्यांनी पाहिल्या, त्यांचे म्हणणे ट्रकवाल्याच्या म्हणण्याइतकेच खरे आहे. तो विषय मोठा आहे, एखाद्या परिच्छेदात उरकण्याचा नाही. आज चाकापुरते बोलू.

चाकाच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की उभी गाडीही झिजते. सहा-सहा वर्षे एका जागी उभ्या ट्रकच्या सीलाचे रबर कडक होते. ग्रीसमधले तेल निथळून खाली जाते आणि वर साबणासारखा लगदा उरतो. गोव्याच्या दमट हवेत सीलाच्या कडेखाली पाणी धरून राहते आणि तिथे गंजाची खळी पडते. धुळीची खाच गुळगुळीत तरी असते, गंजाची खळी खरबरीत. अशा स्पिंडलवर नवे सील पहिल्याच फेरीला ओरखडते. मयेत पाहिलेल्या त्या ट्रकला दोन्ही दुखणी होती, आधीची खाच आणि तिच्या शेजारी खळ्या.

याहून मोठी झीज कधी कधी बेअरिंगच्या जागेवर असते, आणि ती नखाला कळत नाही. मागच्या एक्सलचे टोक स्थिर असते, त्यावर बेअरिंगच्या आतल्या रिंगा सरकत्या बसवलेल्या असतात. गाडीचा भार त्या टोकाच्या खालच्या बाजूने बेअरिंगवर उतरतो. रिंग थोडी थोडी सरकत, घसरत राहते आणि स्पिंडल खालच्या बाजूने झिजते. मग तो गोल उरत नाही आणि हबच्या मध्यातून केसभर खाली बसतो. सील हबमध्ये घट्ट, म्हणून खालच्या बाजूला त्याची कड दबते आणि वरच्या बाजूला फट पडते. शिवाय सील चाकाबरोबर फिरते. म्हणजे त्याच्या कडेचा प्रत्येक भाग एका फेऱ्यात एकदा दबतो, एकदा सुटतो. ताशी चाळीसच्या वेगाला ट्रकचे चाक मिनिटाला दोनशेच्या वर फेरे घेते. इतक्या वेळा दबून-सुटून वाचेल असे सील अजून बाजारात आलेले नाही, मग ते कोणत्याही कंपनीचे घ्या.

म्हणून नवे सील आणायला मुलाला सायकलवरून पिटाळण्याआधी मोजायचे. बेळगावात उद्यमबागेत लेथवर काम करणारे माझे एक स्नेही आहेत. कुणी फोनवर "एक्सल दुरुस्त होईल का?" विचारले की त्यांचे एकच उत्तर असते, "अळती तगोंड बर्री." माप घेऊन या. मायक्रोमीटरने स्पिंडल उभा मोजायचा, आडवा मोजायचा, आणि जिथे ना बेअरिंग बसते ना सील, अशा न झिजलेल्या जागेशी ताडून पाहायचा. उभ्या-आडव्यात फरक आला तर बेअरिंगची जागा गेली. फरक नाही पण सीलाच्या पट्ट्यात नख अडकते, तर फक्त सीलाची जागा गेली. या दोन दुखण्यांची औषधे वेगळी आहेत आणि गल्लत इथेच होते. त्याआधी एक साधी गोष्ट: गळते ते नक्की काय, हे बोटावर घेऊन पाहावे. घट्ट ग्रीस असेल तर वरचे सगळे लागू. पातळ, गंधकासारखा उग्र वास येणारे असेल तर ते आतून आलेले गिअर ऑईल आहे. ते ग्रीस धुऊन काढते, आणि तो बिघाड दुसऱ्या सीलाचा आहे.

फक्त सीलाची जागा गेली असेल तर इलाज स्वस्त आहे. जागा असेल तर सील दोन-तीन मिलिमीटर अलीकडे बसवायचे, म्हणजे कड कोऱ्या पट्ट्यावर टेकते. जुने मिस्त्री हे करत आले आहेत आणि त्यात लबाडी काही नाही. तेवढी जागा नसेल तर पातळ स्टीलची तयार स्लीव्ह मिळते. तिची जाडी सुमारे ०.२८ मिलिमीटर, म्हणजे व्यासात अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास वाढ. तेवढ्याने सीलाचा नंबर बदलावा लागत नाही. खाच खोल असेल तर आधी तिच्यात धातूची लुकण भरायची आणि ती सुकायच्या आत स्लीव्ह ठोकायची. बेअरिंगची जागा मात्र या स्लीव्हने भरून निघत नाही. तिथे ती लावणारा एक तर शिकाऊ, नाही तर घाईत.

बेअरिंगची जागा झिजली असेल तर आपल्याकडे काय काय करतात, ते पाहून कधी हसू येते. पंच घेऊन स्पिंडलवर टिंबे मारतात, म्हणजे कडा वर येतात आणि बेअरिंग घट्ट वाटते. कुणी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून गुंडाळतात. रात्री दोन वाजता कणकुंबीच्या जंगलात घरी पोचण्यासाठी हे केले तर मी काही म्हणणार नाही. पण गॅरेजात बसून, पैसे घेऊन असे करणे म्हणजे गिऱ्हाइकाला तसेच घाटात सोडणे आहे. टिंबांची टोके काही दिवसांत चेपतात, पत्रा फाटून बेअरिंगमध्ये जातो.

रीतसर वाटा तीन-चार आहेत. एक, स्पिंडल लेथवर उतरवून त्यावर रिंग चढवणे. रिंग तापवली की फुगते. ऐंशी मिलिमीटर व्यासाची रिंग दीडशे अंशांनी तापवली तर साधारण ०.१४ मिलिमीटर उघडते, तेवढ्यात ती सरकवायची, निवाली की आवळून बसते. पण रिंगेला जागा करण्यासाठी मूळ पोलाद छिलावे लागते. ऐंशीचे चौऱ्याहत्तर केले तर वाकण्याला विरोध करण्याची ताकद जवळपास पाचव्या हिश्श्याने घटते, कारण ती व्यासाच्या घनावर चालते. एक्सलचे टोक पोकळ असल्याने घट त्याहूनही जास्त. म्हणून रिंग शक्य तितकी पातळ हवी आणि कोपऱ्यात धारदार काटकोन न ठेवता गोलाई हवी. तडा बहुतेक वेळा त्या कोपऱ्यातूनच सुरू होतो.

दुसरी वाट, वेल्डिंगने भर घालून पुन्हा मूळ मापावर छिलणे. सर्वांत जास्त हेच होते आणि सर्वांत जास्त हेच बिघडते. आधी समान तापवणे आणि नंतर राखेत किंवा चुन्यात सावकाश निवू देणे टाळले, तर वेल्डिंगच्या कडेचे पोलाद ठिसूळ होते. आज दिसत नाही, सहा महिन्यांनी भरल्या गाडीत दिसते. गाडीवरच वेल्डिंग करायचे असेल तर अर्थिंगचा चिमटा अगदी जवळ लावावा. तो दूर लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि चांगल्या बेअरिंगच्या रोलरवर ठिपके पडतात. तिसरी वाट, धातूचा फवारा. यात स्पिंडल फारसा तापत नाही, माप परत मिळते, पण ताकद वाढत नाही. आधीच तडा असलेल्या स्पिंडलवर फवारा म्हणजे भेगाळलेल्या भिंतीवर चुना.

तडा आहे की नाही हे पाहायला मोठे यंत्र लागत नाही. स्पिंडल स्वच्छ करून रॉकेल लावायचे, जरा वेळाने कोरडे पुसायचे आणि खडूची पूड भुरभुरायची. तडा असेल तर आत मुरलेले रॉकेल पुडीत रेघ उमटवते. आमच्या धंद्यातला खडू एवढा उपयोगी पडेल असे मला वाटले नव्हते. रेघ उमटली तर दुरुस्तीचा विचार सोडून टोकच बदलावे.

कोणतीही वाट घेतली तरी शेवटचा हात महत्त्वाचा. लेथच्या हत्याराने स्पिंडलवर बारीक आटे उमटतात, स्क्रूसारखे. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण चाक फिरू लागले की ग्रीस त्या आट्यांवरून बाहेर ढकलले जाते. सील नवे, माप बरोबर, तरी गळती चालूच! सीलाच्या जागेला म्हणून ग्राइंडिंग हवे, आणि पॉलिश पेपर मारताना तो पुढे-मागे न सरकवता एकाच जागी धरून फिरवायला हवा. मयेच्या मिस्त्रीला हे ठाऊक होते. त्याच्याकडे ग्राइंडर नव्हता. म्हणून एक्सलची नळी पिकअपमध्ये घालून घाट चढवून बेळगावला आणायची, असे ठरले. घाटाखाली खनिज, घाटावर लेथ, ही वाटणी जुनीच आहे. कोणाच्या नकाशात ती दाखवलेली नसते.

जोडणीबद्दल वहिनींनी वहीत लिहून घेतले तेच इथे देतो. हब ग्रीसने गच्च भरायचा नाही. बेअरिंगच्या रोलरांत ते दाबून भरायचे आणि हबच्या पोकळीत हवा राहू द्यायची, नाही तर तापल्यावर फुगलेले ग्रीस सीलच बाहेर ढकलते. जुन्या ग्रीसवर दुसऱ्या जातीचे ग्रीस घालायचे नाही. नट आवळताना चाक फिरवत राहायचे, मग थोडा सैल करायचा, नावापुरती ढिलाई हवी. ग्रीस पिऊन बसलेले लायनर पेट्रोलने धुऊन परत लावायचे नाहीत, तापले की ते आतले ग्रीस पुन्हा वर आणतात. आणि गाडी निघाल्यावर पंधरा-वीस किलोमीटरवर थांबून दोन्ही बाजूंच्या हबजवळ हात न्यायचा. एक बाजू दुसरीपेक्षा जास्त तापलेली असेल तर पुढे जायचे नाही.

बाईमाणसाला हे कशाला, असे शेजारचे एक गृहस्थ म्हणाले. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलेही नाही. गाडीवर धनी आणि धाकटा दीर असतात, कर्जाचा हप्ता वहिनींच्या सहीने जातो.

उजव्या बाजूचा हब त्या दिवशी उघडला नव्हता. तिथून गळत नाही, मग कशाला खोलायचे, असे मालकाचे म्हणणे. डावीकडचे टोक उभ्या मापात ०.४ मिलिमीटरने कमी भरले होते. दोन्ही चाके एकाच धुळीत फिरली आणि एकाच पावसात उभी राहिली. मिस्त्री मायक्रोमीटर पुसत उभा होता, वहिनींनी वहीचे पान उलटून "उजवे" असे लिहिले आणि पुढची जागा कोरी ठेवली.